एलईडी बदलताना थर्मल पेस्ट: निवड, लावण्याचा क्रम आणि नेहमीच्या चुका

दिव्यातली जळालेली एलईडी काढून नवी बसवली, दिवा पहिल्यासारखा उजळला आणि काही महिन्यांतच तीही पिवळी पडून मंद झाली, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. दोष बहुतेक वेळा नव्या एलईडीच्या दर्जावर ढकलला जातो. तो तिथे कधी असतोही. परंतु जुनी फिटिंग उघडून पाहिली तर खरे कारण अनेकदा एलईडीची पाठ आणि तिच्यामागचा अ‍ॅल्युमिनियमचा हीट सिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग) यांच्यामधल्या सांध्यात सापडते. तिथे पेस्ट एक तर लावलेलीच नसते, किंवा जुन्या वाळलेल्या पेस्टवरच नवी थापलेली असते, किंवा दुकानातली सर्वांत महाग पेस्ट आणून ती चुनकाम केल्यासारखी जाड लावलेली असते.

हा लेख स्वतंत्र ड्रायव्हर (मेन्सची, म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीज एलईडीला योग्य करंटमध्ये देणारा डबा) असलेल्या, स्क्रूने बसवलेल्या एलईडीच्या दिव्यांसाठी आहे. छतातले सीओबी (एकाच प्लेटवर अनेक एलईडी चिप जवळजवळ बसवून एकाच पिवळ्या थराने झाकलेली एलईडी) डाउनलाइट, भिंतीवरचे स्पॉटलाइट आणि अंगणातले १० ते ५० वॅटचे फ्लडलाइट त्यात येतात. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत, कारण यातल्या बऱ्याच चुका क्रम बदलल्यामुळेच होतात.

## निवडीपूर्वी समजून घ्यायचा हिशोब

एलईडीला मिळालेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज उष्णतेत जाते. हिशोबासाठी दोन तृतीयांश धरावी. जुन्या फिलामेंटच्या बल्बची उष्णता बरीचशी प्रकाशाबरोबरच पुढे फेकली जात असे. एलईडीची उष्णता मात्र पाठीमागून धातूत उतरून हीट सिंकमधून हवेत जाते. दोन धातूचे पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी ते एकमेकांना मोजक्या ठिकाणीच टेकतात आणि उरलेल्या फटींत हवा राहते. हवा उष्णतेची अतिशय वाईट वाहक आहे. तिची वाहकता दर मीटर दर अंशाला सुमारे ०.०२६ वॅट, तर अ‍ॅल्युमिनियमची दोनशेच्या आसपास असते. पेस्टचे काम एवढेच की त्या फटींतली हवा हटवून तिची जागा घ्यायची. पेस्ट स्वतः धातूच्या तुलनेत मंद वाहक असल्यामुळे धातू जिथे धातूला टेकू शकतो तिथे तिचा थर नसलेलाच बरा.

आता एक उदाहरण घेऊ. २८ मिलिमीटर लांब-रुंद पाठीचा ३० वॅटचा सीओबी आहे आणि त्यातून २० वॅट उष्णता बाहेर काढायची आहे. वाहकता १ असलेल्या साध्या पांढऱ्या पेस्टचा ०.१ मिलिमीटर थर दिला, तर सांध्यावर सुमारे अडीच अंश सेल्सिअसचा फरक पडतो. वाहकता ५ असलेल्या महाग पेस्टचा तेवढाच थर दिला तर अर्धा अंश. म्हणजे पाचपट चांगल्या पेस्टने इथे दोन अंश वाचतात. परंतु तीच महाग पेस्ट अर्धा मिलिमीटर जाड लावली, तर फरक पुन्हा अडीच अंशांवर येतो आणि साधी पेस्ट तेवढी जाड लावली तर तो सुमारे तेरा अंश होतो.

म्हणून घरगुती दिव्यासाठी पाकिटावरचा आकडा दुय्यम आहे. थराची जाडी, पृष्ठभागाचा सपाटपणा आणि स्क्रूचा दाब या गोष्टी आधी पाहाव्यात आणि त्यानंतर पेस्ट वर्षानुवर्षे टिकणारी व वीज न वाहणारी आहे की नाही ते पाहावे.

## टप्पा १: दिव्याचा प्रकार ओळखा आणि वीज पूर्ण बंद करा

फिटिंग उघडण्यापूर्वी त्या सर्किटचा एमसीबी खाली करा. केवळ भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर असण्याची शक्यता असते आणि तसे असेल तर बटण बंद असतानाही दिव्यात फेज पोहोचलेला असतो. झाकण काढल्यावर टेस्टरवर विसंबून न राहता मल्टिमीटरने फेज आणि न्यूट्रल, तसेच फेज आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज शून्य असल्याची खात्री करा. ड्रायव्हरच्या आउटपुटवरील कपॅसिटरमध्ये काही वेळ चार्ज राहतो. काही मिनिटे थांबून तोही मोजून घ्या.

नंतर एलईडीची प्लेट पाहा. प्लेटवर केवळ एलईडी असतील आणि ड्रायव्हरचा वेगळा डबा दोन तारांनी जोडलेला असेल, तर पुढे जायला हरकत नाही. एलईडीच्या शेजारीच त्याच प्लेटवर छोटा ब्रिज रेक्टिफायर, आयसी आणि रोधक दिसत असतील आणि २३० व्होल्टच्या तारा थेट प्लेटवर येत असतील, तर तो डीओबी म्हणजे प्लेटवरच ड्रायव्हर असलेला दिवा आहे.

सावधान: डीओबी प्लेटवरचा प्रत्येक एलईडी चालू स्थितीत मेन्सशी जोडलेला असतो आणि तिथे तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असू शकतो. अशा दिव्यात एकेक एलईडी बदलणे आणि उघडा ठेवून तपासणे टाळावे. पूर्ण प्लेट किंवा पूर्ण दिवा बदलणे हाच योग्य मार्ग आहे.

## टप्पा २: ड्रायव्हरचे आकडे वाचा आणि मगच एलईडी आणा

ड्रायव्हरच्या डब्यावर आउटपुटचा करंट आणि व्होल्टेजची मर्यादा छापलेली असते, उदाहरणार्थ ३०० मिलिअँपिअर, २४ ते ४२ व्होल्ट. नवा सीओबी या दोन्हींत बसला पाहिजे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत, अशा इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात नुसता “दहा वॅटचा सीओबी द्या” असे म्हटले, तर दिसायला जवळजवळ सारखेच असणारे दोन वेगळे प्रकार हातात पडू शकतात: एक ९ ते ११ व्होल्ट आणि ९०० मिलिअँपिअरचा, दुसरा ३० ते ३६ व्होल्ट आणि ३०० मिलिअँपिअरचा. वरच्या ड्रायव्हरवर पहिला लावला तर दिवा लुकलुकतो किंवा पेटतच नाही आणि मग विनाकारण पेस्टवर, सोल्डरिंगवर संशय जातो.

जुनी एलईडी का गेली हेही याच वेळी पाहावे. एका बाजूची एलईडी काळवंडलेली आणि दुसऱ्या बाजूची ठीक असेल, तर काळ्या बाजूला सांधा सुटलेला असण्याची शक्यता अधिक. सर्व एलईडी सारख्याच पिवळ्या पडल्या असतील, तर एक तर करंट जास्त आहे किंवा हीट सिंकच अपुरा आहे, आणि हा दोष कोणतीही पेस्ट दूर करू शकत नाही.

## टप्पा ३: पेस्ट, पॅड की चिकटणारे कंपाऊंड?

पहिला प्रश्न असा की एलईडी धरून ठेवणार कोण. स्क्रू, क्लिप किंवा होल्डर असेल तर न चिकटणारी पेस्ट वापरावी. धरून ठेवणारे काहीच नसेल, म्हणजे २० मिलिमीटरची तारा-आकाराची प्लेट नुसती हीट सिंकवर ठेवायची असेल, तर साधी पेस्ट चालत नाही. ती गोंद नव्हे. उलट्या टांगलेल्या दिव्यात प्लेट हळूहळू सरकते, एका कोपऱ्यातून सुटते आणि एलईडी जळते. अशा ठिकाणी दोन भाग मिसळून लावायचा उष्णतावाहक इपॉक्सी किंवा उष्णतावाहक सिलिकॉन गोंद लागतो. इपॉक्सीने बसवलेली एलईडी पुन्हा सुखरूप निघत नाही हे लक्षात ठेवून, जागा असेल तर तीन मिलिमीटरची दोन भोके पाडून स्क्रू लावणेच मी सुचवेन.

दुसरा प्रश्न पृष्ठभागाचा. ओतीव हीट सिंक खडबडीत आणि किंचित वाकलेला असेल आणि घासून सपाट करणे शक्य नसेल, तर अर्धा मिलिमीटर जाडीचा मऊ थर्मल पॅड बरा. आपल्या उदाहरणातल्या सीओबीखाली वाहकता ३ असलेला असा पॅड सुमारे सव्वाचार अंशांचा फरक देतो आणि तो चालण्यासारखा आहे. पॅड वापरला तर त्याच्यावर किंवा खाली पेस्ट लावू नये. पेस्टमधले तेल पॅडमध्ये शिरते आणि पॅड निसरडा होऊन दाब सुटतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी थर्मल टेप कमी वॅटच्या पट्ट्यांसाठी ठीक आहे. एकाच जागी २०-३० वॅट ओतणाऱ्या सीओबीसाठी ती वापरू नये.

स्क्रू आहेत आणि पृष्ठभाग सपाट आहे असे गृहीत धरले, तर पेस्टचे पर्याय असे.

पांढरी पेस्ट म्हणजे दुकानात जिला हीट सिंक कंपाऊंड म्हणतात ती. सिलिकॉन तेलात झिंक ऑक्साइड किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड असते. वाहकता साधारण १ च्या आसपास. ती वीज वाहत नाही, स्वस्त असते आणि १०-१५ वॅटपर्यंतच्या डाउनलाइटला पूर्णपणे पुरेशी असते. तिची मुख्य अडचण दर्जातल्या फरकाची आहे: उघड्या डबीतून सुट्या पुडीत भरून मिळणारी पेस्ट कधी इतकी पातळ असते की तेल वेगळे झालेले दिसते. अशी पेस्ट घेऊ नये. दिवा रोज तापतो आणि थंड होतो. प्रत्येक वेळी प्लेट आणि हीट सिंक किंचित फुगतात, आकसतात, आणि पातळ पेस्ट हळूहळू कडेने बाहेर ढकलली जाते. मागे राहते ती कोरडी पूड.

राखाडी पेस्ट संगणकाच्या दुकानात सिरिंजमध्ये मिळते. स्वस्तातल्या एचवाय ५१० वर १.९३ हा आकडा छापलेला असतो, तर महाग पेस्टवर ५, ८ किंवा त्याहून अधिक. ३० ते ५० वॅटच्या सीओबीला २ ते ५ च्या दरम्यानची पेस्ट घ्यावी. त्यापुढचे पैसे या कामात वाया जातात. संगणकासाठी विकल्या जाणाऱ्या सर्वच पेस्ट दिव्याला योग्य नसतात. प्रोसेसरची पेस्ट काही वर्षांनी बदलता येते. छतात बसवलेला दिवा तेवढ्यासाठी कोणी उतरवत नाही. त्यामुळे सर्वाधिक आकड्याच्या पेस्टपेक्षा घट्ट, न वाळणारी आणि माहितीपत्रकात किमान १५० अंशांपर्यंतचे तापमान दिलेली पेस्ट निवडावी.

चांदीची पूड असलेली पेस्ट टाळावी. आर्क्टिक सिल्व्हर ५ सारख्या पेस्टबाबत ती वीजवाहक नसली तरी तिच्यात थोडी कपॅसिटन्स असल्याने विजेच्या जवळजवळच्या मार्गांपासून ती दूर ठेवावी, अशी सूचना तिच्या निर्मात्यानेच दिलेली आहे. एलईडीच्या प्लेटवर सोल्डरचे ठिपके कडेपासून दोन-तीन मिलिमीटरवर असतात आणि तिथे बाहेर आलेली पेस्ट पोहोचतेच.

सावधान: गॅलियमयुक्त द्रव धातूची पेस्ट अ‍ॅल्युमिनियमवर कधीही लावू नये. गॅलियम अ‍ॅल्युमिनियमच्या कणांमधल्या सीमांत शिरतो आणि धातू ठिसूळ होऊन हाताने तुटू लागतो. दिव्यातला हीट सिंक आणि प्लेट दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचीच असतात, शिवाय ही पेस्ट पूर्ण वीजवाहकही आहे.

दोन घरगुती उपायांबद्दलही स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. टूथपेस्टमध्ये पाणी असते. ते उडून गेले की काही दिवसांत मागे खडूसारखा थर उरतो आणि तोवर त्यातले क्षार धातू गंजवायला लागतात. आंबट, व्हिनेगरसारख्या वासाचे साधे सिलिकॉन सीलंट तर दिव्यात मुळीच वापरू नये. ते सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडते आणि तांब्याचे मार्ग गंजतात. एलईडीवरचे मऊ आवरणही सिलिकॉनचेच असते, त्यातून वायू आरपार जातात, आणि बंद दिव्यात साठलेल्या वाफांनी एलईडी आतून तपकिरी पडते. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफाही याच कारणाने टाळाव्यात.

पेस्ट किती घ्यावी? घनता प्रति मिलिलीटर अडीच ग्रॅम धरली, तर एक ग्रॅम पेस्ट ०.१ मिलिमीटर जाडीने सुमारे ४० चौरस सेंटिमीटर भागाला पुरते. २८ मिलिमीटरच्या सीओबीला एका ग्रॅमचा लहानसा अंशच लागतो. १०० बाय ८० मिलिमीटरच्या फ्लडलाइटच्या प्लेटला मात्र दोन ग्रॅम लागतात.

## टप्पा ४: जुना थर काढून पृष्ठभाग तयार करा

संपूर्ण कामातला सर्वाधिक वेळ इथे जायला हवा. जुनी एलईडी काढताना ती वर ओढू नका. स्क्रू काढून झाल्यावर थोडी गोल फिरवली की वाळलेली पेस्ट सुटते. सुटलीच नाही तर दिवा तसाच, अर्थात वीज बंद ठेवून, हेअर ड्रायरने थोडा गरम करा. वाळलेला थर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडा. लोखंडी पातीने खरवडले तर अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि ओरखड्याच्या कडेला उभी राहणारी बारीक कोर प्लेटला वर उचलते.

उरलेला डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ते ९९ टक्क्यांचे मिळते. औषधांच्या दुकानातले ७० टक्क्यांचेही चालते, पण त्यात पाणी असल्यामुळे पुसल्यावर पृष्ठभाग पूर्ण कोरडा होऊ द्यावा. पुसण्यासाठी धागे न सुटणारे, चष्मा पुसण्याचे कापड घ्या. कापूस किंवा टिश्यू पेपर वापरल्यास त्याचे तंतू सांध्यात अडकतात. कापडावर राखाडी डाग उमटणे थांबेपर्यंत नव्या कोऱ्या भागाने पुसत राहा.

आता रंग पाहा. स्वस्त फ्लडलाइटमध्ये एलईडी बसते त्या जागेवरही पावडर कोटिंगचा रंग असतो आणि बहुतेक जण त्यावरच पेस्ट लावून मोकळे होतात. हा रंग ८० मायक्रॉन जाड आणि ०.२ वाहकतेचा धरला, तर आपल्या ३० वॅटच्या सीओबीवर एकट्या रंगामुळे सुमारे दहा अंशांची भर पडते. ही भर पेस्ट कितीही चांगली असली तरी कमी होत नाही. तेवढ्या जागेवरचा रंग पॉलिश पेपरने पूर्ण काढा. काळा किंवा चंदेरी अ‍ॅनोडाइझ केलेला पातळ थर मात्र तसाच ठेवायला हरकत नाही.

सपाटपणा तपासण्यासाठी स्टीलची पट्टी आडवी, उभी आणि तिरपी उभ्या कडेवर ठेवून मागून टॉर्चचा उजेड टाका. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली तर तिथे खड्डा आहे. लहान सुटा हीट सिंक असेल तर जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर हीट सिंकच गोल फिरवत घासा आणि शेवटी ८०० नंबर वापरा. आरशासारखी चमक आणण्याची गरज नाही. नव्याने पाडलेल्या भोकांच्या कडा मोठ्या ड्रिल बिटने हाताने फिरवून मोडा.

तपासणी: स्वच्छ बोट कडेने फिरवून पाहा. कोर जाणवली तर ती काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यानंतर पृष्ठभाग पुन्हा एकदा अल्कोहोलने पुसा आणि त्यावर बोट लावू नका.

## टप्पा ५: सोल्डरिंग आधी, पेस्ट नंतर

हा क्रम सर्वाधिक वेळा उलटा होतो. एलईडी हीट सिंकवर बसवून झाल्यावर तारा सोल्डर करायला गेले, की हीट सिंक सोल्डरिंग आयर्नची उष्णता शोषून घेतो, सोल्डर वितळत नाही, आणि आयर्न दाबून धरल्याने तांब्याचा ठिपका प्लेटवरून उचलला जातो. त्यामुळे एलईडी लाकडाच्या फळीवर ठेवून तारा आधीच सोल्डर करा. प्लेट स्वतःही अ‍ॅल्युमिनियमची असल्याने २५ वॅटचा आयर्न अपुरा पडतो. ६० वॅटचा जाड टोकाचा आयर्न घेऊन काम थोडक्यात उरका. धन आणि ऋण बाजू प्लेटवरच्या खुणेवरून दोनदा पाहून घ्या.

मधला पिवळा भाग बोटाने किंवा चिमट्याने दाबू नका. त्या मऊ आवरणाखाली केसापेक्षा बारीक तारा असतात. दाबल्याने त्या तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. सोल्डरिंगनंतर प्लेटची पाठ तपासा, कारण तिथे गेलेला फ्लक्स किंवा सोल्डरचा लहानसा थेंबही प्लेट तिरपी बसवतो.

## टप्पा ६: पेस्टविना एकदा बसवून पाहा

एलईडी जागेवर ठेवून स्क्रू हाताने फिरवा. भोके जुळतात का, तार प्लेटखाली येत नाही ना, स्क्रूचे डोके सोल्डरच्या ठिपक्याला टेकत नाही ना, एवढे पाहायचे आहे. डोके ठिपक्याजवळ येत असेल तर फायबरची किंवा नायलॉनची चकती घाला. जाड धातूची चकती इथे शॉर्ट करते. पाठ सिरॅमिकची असलेल्या सीओबीला थेट स्क्रू लावू नका. त्याच्या मापाचा होल्डर मिळतो, तोच वापरा, नाहीतर तो भेगाळतो.

## टप्पा ७: पेस्ट लावा

२० मिलिमीटरच्या प्लेटला मुगाच्या दाण्याएवढा आणि २८ मिलिमीटरच्या सीओबीला अख्ख्या तुरीच्या दाण्याएवढा एकच ठिपका मध्यभागी ठेवा. पसरवू नका. दाबल्यावर पेस्ट मधून बाहेर पसरते आणि हवा आपल्यापुढे कडेकडे ढकलते. ठिपक्यांची रांग किंवा कडेने गोल रेघ काढली तर मध्ये हवेचा बुडबुडा अडकतो, आणि सीओबी सर्वाधिक तापतो तो नेमका मध्यभागीच.

फ्लडलाइटच्या मोठ्या प्लेटला एक ठिपका पुरत नाही, कारण स्क्रू लांब लांब असतात आणि मधला दाब कमी पडतो. तिथे एटीएम कार्डाच्या कडेने हीट सिंकवर इतका पातळ थर ओढा की धातूचा रंग अंधुकसा दिसत राहील, आणि मध्यभागी थोडी जास्त पेस्ट ठेवा. तार जाण्यासाठी असलेल्या भोकाच्या कडेपासून पाच मिलिमीटर जागा कोरडी सोडा.

तपासणी: एलईडी ठेवा, अंगठ्यांनी कडेवर दाबा, किंचित दोन्ही बाजूंना फिरवा आणि सरळ वर उचला. दोन्ही पृष्ठभागांवर पेस्टचा सलग ठसा दिसला पाहिजे. मध्ये कोरडा डाग असेल तर तिथे खड्डा आहे; पेस्ट वाढवून तो भरण्याऐवजी टप्पा ४ वर परत जा. ठसा नीट असेल तरी दोन्ही बाजू पुसून नवा ठिपका लावा, कारण उचललेली पेस्ट पुन्हा दाबली की तिच्यात हवा राहते.

## टप्पा ८: स्क्रू आवळण्याचा क्रम

सगळे स्क्रू आधी नुसते टेकवा. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, एकेक पाव फेरा असे आळीपाळीने आवळा. एकच स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर प्लेट एका बाजूने दबते, दुसऱ्या बाजूने उचलली जाते आणि पेस्टचा थर पाचरीसारखा होतो. अ‍ॅल्युमिनियममधले तीन मिलिमीटरच्या स्क्रूचे आटे सहज झिजतात. छोट्या पेचकसाने दोन बोटांत धरून घट्ट होईल एवढाच जोर पुरेसा आहे. दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा एक फेरी घ्या. घट्ट पेस्ट सावकाश बाहेर सरकते, त्यामुळे स्क्रू थोडे सैल झालेले आढळतील.

कडेने बारीकशी पेस्ट चारी बाजूंनी डोकावली तर ते योग्य प्रमाणाचे लक्षण आहे. ती कापडाच्या टोकाने पुसा; एलईडीच्या पिवळ्या भागाला लागू देऊ नका.

## टप्पा ९: वीज देण्यापूर्वीची तपासणी

ड्रायव्हर अजून जोडलेला नसताना मल्टिमीटर सर्वांत मोठ्या रोधाच्या रेंजवर ठेवून एलईडीची धन तार आणि हीट सिंक, मग ऋण तार आणि हीट सिंक यांच्यामधला रोध पाहा. दोन्ही वेळा मीटरने अनंत दाखवले पाहिजे. काहीही आकडा दिसला तर स्क्रूचे डोके, तारेचा सुटा धागा किंवा वीजवाहक पेस्ट यांपैकी कशामुळे तरी जोड झाला आहे. यानंतर फिटिंगची अर्थिंगची तार पुन्हा बसवून ती आणि दिव्याचे धातूचे अंग यांच्यात सातत्य आहे हे तपासा. अर्थिंगची तार दुरुस्तीत “कशाला हवी” म्हणून सोडून देण्याची सवय धोकादायक आहे.

सावधान: ड्रायव्हर चालू असताना एलईडी जोडू नका. मोकळ्या ड्रायव्हरच्या आउटपुटवर जास्तीत जास्त व्होल्टेज साठलेला असतो आणि जोडताक्षणी जाणारा झटका नवी एलईडी मारतो.

## टप्पा १०: तापमान मोजा

दिवा नेहमी ज्या स्थितीत असतो त्याच स्थितीत, म्हणजे छतातला असेल तर हीट सिंकचे पंख वर आणि एलईडी खाली ठेवून, एक तास चालू ठेवा. मल्टिमीटरबरोबर येणाऱ्या थर्मोकपलचे (तापमान मोजणाऱ्या तारेचे) टोक एलईडीच्या माहितीपत्रकात दाखवलेल्या टीसी बिंदूवर (तापमान मोजण्यासाठी ठरवून दिलेल्या जागेवर), उष्णता सहन करणाऱ्या पिवळ्या पॉलिमाइड टेपने चिकटवा. दुसरे माप एलईडीच्या अगदी शेजारी हीट सिंकवर घ्या. हे फक्त वेगळा आणि आयसोलेटेड (आउटपुट मेन्सपासून अलग असलेला) ड्रायव्हर असलेल्या दिव्यातच करावे, नाहीतर मीटरच मेन्सला जोडला जाईल. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरायचा असेल तर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर थेट रोखू नका, कारण तो बराच कमी आकडा दाखवतो. मोजायच्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रोखा.

२० वॅट उष्णतेच्या सीओबीवर दोन मापांत चार-पाच अंशांपर्यंतचा फरक ठीक समजावा. दहा किंवा अधिक असेल तर सांधा बिघडलेला आहे आणि तो उघडावाच लागेल. फरक कमी, पण दोन्ही आकडे मोठे असतील तर पेस्टने आपले काम केले आहे. कमतरता हीट सिंकची, हवेच्या जागेची किंवा करंटची आहे.

हवेचे तापमान मापासोबत लिहून ठेवणे आवश्यक आहे. पुण्यात डिसेंबरमध्ये खोलीत २५ अंश असताना टीसी बिंदू ६८ अंशांवर थांबला, तर तो समाधानकारक वाटतो. तोच दिवा नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात ४५ अंशांत चालवला तर हिशोबाने ८८ अंशांवर जाईल, आणि बंद फॉल्स सीलिंगमध्ये त्याहूनही वर. माहितीपत्रकातली मर्यादा ८५ असेल तर हा दिवा पहिल्याच उन्हाळ्यात मर्यादा ओलांडेल. अशा वेळी पेस्ट बदलण्यात वेळ न घालवता कमी करंटचा ड्रायव्हर लावावा; ३०० ऐवजी २४० मिलिअँपिअर दिल्यास उष्णता सुमारे एक पंचमांशाने घटते आणि उजेडातला फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही.

## टप्पा ११: झाकण बंद करा

तापमान समाधानकारक असल्याशिवाय झाकण बंद करू नका. बाहेरच्या फ्लडलाइटचा रबराचा गॅस्केट कडक झाला असेल तर बदला. कोकणपट्टीत खारी दमट हवा आत शिरली तर आधी सोल्डरचे ठिपके आणि मग अ‍ॅल्युमिनियम पांढरे पडते. सीलंट लागलाच तर न्यूट्रल, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणाऱ्या प्रकारचा घ्या आणि शक्य असेल तिथे तो बाहेरच्या बाजूनेच लावा. आतल्या बाजूला लावावा लागला तर दिवा २४ तास उघडा ठेवून तो पूर्ण सुकू द्या. बंद करण्यापूर्वी मार्करने झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख, पेस्टचा प्रकार, ड्रायव्हरचा करंट आणि मोजलेली दोन तापमाने लिहा. पुढच्या वेळी हा दिवा उघडणाऱ्याला पहिल्या दोन टप्प्यांतली निम्मी माहिती तिथेच मिळेल.